न विचारता घेतलेला होकार

गेल्या दिवाळीत पाडव्याला मी कळंबला मामांच्या दुकानात होतो. मामांचं कृषी सेवा केंद्र आहे. खत, बियाणं, औषधं, आणि हंगाम निघेपर्यंतची उधारी. पाडव्याला लाल कापडाच्या वहीची पूजा अजून होते, पण पहिल्या पानावरच्या 'श्री'पलीकडे त्या वहीत आता काही लिहिलं जात नाही. सगळा हिशेब कॉम्प्युटरवर असतो. ज्या कंपनीचं ते सॉफ्टवेअर आहे, तिथंच मी पुण्यात नोकरी करतो. मामांनी ते घेतलं तेच मुळी माझ्या शब्दावर.

पूजा झाली, पेढे वाटून झाले. मग मामा म्हणाले, "आरं, ह्ये खाली कोपऱ्यात गोल काय आलंय? उधारी उघडली की आपणहून बोलायला लागतंय. अमक्याची बाकी थकलीय, आठवण पाठवू का म्हणतंय. म्या बंद करायला गेलो तर एकाला मेसेज गेला."

मेसेज मी वाचला. भाषा अगदी सभ्य होती. 'नमस्कार, आपली थकबाकी लवकरात लवकर भरून सहकार्य करावे,' आणि खाली मामांच्या दुकानाचं नाव. ज्याला गेला त्या माणसाचं नदीकाठचं सोयाबीन महिन्याभरापूर्वी, सप्टेंबरच्या पुरात, पाण्याखाली गेलं होतं. पीक गेलंच, वरची मातीही गेली. मामांनी त्या माणसाला स्वतः सांगितलं होतं की यंदाचं राहू दे, पुढच्या वर्षी बघू. आणि त्यानंतर मामांच्याच नावानं हा निरोप.

मी ते गोल बंद करून दिलं. सेटिंग, त्यात खातं, त्यात 'स्मार्ट सुविधा', त्यात आणखी एक पान. दोन दिवसांनी पुण्याला पोचलो तर मामांचा फोन: "परत आलंय बग ते." मधल्या काळात अपडेट आला होता.

मामांना तेव्हा मी सांगितलं नाही, इथं सांगतो. ती सुविधा चालू करणारी ओळ माझ्या हातची आहे. सॉफ्टवेअरमध्ये नवी गोष्ट आणताना तिच्या नावाचं एक बटण कोडमध्ये ठेवतात आणि सुरुवातीला त्याची किंमत 'फॉल्स' असते, म्हणजे बंद. मी त्या 'फॉल्स'चं 'ट्रू' केलं. एका शब्दाचा बदल. सहकाऱ्यानं दहा मिनिटांत तपासून पुढं ढकलला. वापरणाऱ्यानं आधी बंद केलं असेल तर ते लक्षात ठेवायचं की नाही, हा प्रश्न मी बैठकीत विचारला होता. उत्तर आलं, "बंद ठेवलं तर लोकांना कळणारच नाही की अशी सुविधा आहे." मी मान हलवली.

फोन ठेवताना मामा एक वाक्य बोलून गेले. "ह्ये तर आपल्या पीक विम्यासारखंच झालं की. न इचारता कापायचं, अन् मग आपणच हिंडायचं."

ते डोक्यातून जाईना. म्हणून मी पीक विम्याचा इतिहास वाचायला घेतला. माझ्या क्षेत्रातल्या लोकांना तो माहीत असायला हवा असं आता वाटतं, कारण 'डीफॉल्ट' हा शब्द आम्ही कॉम्प्युटरवर शिकलो, पण ती गोष्ट धाराशिव जिल्ह्यात आमच्या जन्माआधीपासून चालू आहे.

भारतातल्या पीक विम्याच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे. वि. म. दांडेकर, पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ. मराठवाड्यात त्यांचं नाव अनुशेषामुळं ठाऊक असतं, १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालामुळं. पण त्याआधी, सत्तरच्या दशकात, त्यांनी पीक विम्याचा एक गुंता सोडवला होता. प्रत्येक शेतकऱ्याच्या शेतात जाऊन नुकसान मोजणं अशक्य असतं, खर्चिक असतं, आणि खरंखोटं करण्याला वाव असतो. दांडेकरांचं म्हणणं असं की एका परिसराचं सरासरी उत्पन्न मोजा. ते ठरलेल्या पातळीखाली गेलं तर त्या परिसरातल्या सगळ्या विमाधारकांना त्याच प्रमाणात भरपाई द्या. या पद्धतीत शेतकऱ्याला काही सिद्ध करावं लागत नाही. अर्ज नाही, फोटो नाही, फोन नाही. १९७९ मध्ये याच तत्त्वावर पथदर्शी योजना सुरू झाली आणि १९८५ च्या खरिपापासून देशभरची सर्वंकष पीक विमा योजना.

त्या योजनेची गाठ पीक कर्जाशी मारलेली होती. कर्ज घेतलं की विमा आपोआप. पुढं १९९९-२००० च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना आली, त्यात बिगरकर्जदारांना इच्छा असेल तर, आणि कर्जदारांना सक्तीनं. २०१६ च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजना आली. हप्ता खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड. कर्जदाराला सक्ती कायम.

सक्तीमागचा युक्तिवाद पोकळ नाही, हे मला मान्य करावं लागतं. विमा ऐच्छिक ठेवला तर ज्याची जमीन नदीकाठाला आहे तोच घेईल, माळावरचा घेणार नाही. मग हप्ता वाढत जाईल आणि शेवटी योजना बुडेल. सगळे आत असले तरच विमा टिकतो. शिवाय खेड्यातल्या माणसाला एरवी विम्याची माहिती कोण देणार? आमच्या बैठकीतलं 'लोकांना कळणारच नाही' हे वाक्य याच घराण्यातलं.

पण अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पासबुकात ही योजना कशी दिसते तेही सांगतो. 'विमा हप्ता', पुढं रक्कम, बस्स. एक वर्ष त्यांनी अख्ख्या रानात सोयाबीन पेरलं होतं आणि विमा उतरला होता तुरीचा. मागच्या वर्षीची नोंद तशीच पुढं ओढली गेली होती. बँकेत गेले तर कळलं की मुदत संपली. माझ्या लेखी हा सरळ सरळ बग आहे, पण बँकेत बग नोंदवायची खिडकी नसते.

२०२० हे वर्ष या गोष्टीत दोनदा येतं. पहिल्यांदा फेब्रुवारीत. केंद्रीय मंत्रिमंडळानं १९ फेब्रुवारीला सक्ती काढून टाकली आणि त्या खरिपापासून विमा कर्जदारांनाही ऐच्छिक झाला. बातम्यांत एवढंच आलं. बारीक अक्षरांतला नियम मात्र असा होता की ज्या कर्जदाराला विमा नको आहे त्यानं नाव नोंदणीच्या शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी बँकेला तसं लेखी कळवायचं. कळवलं नाही तर हप्ता कापला जाणार. सक्ती गेली आणि तिच्या जागी, आमच्या भाषेत, डीफॉल्ट ऑन आलं. होकाराला काही करायचं नाही, नकाराला अर्ज.

दुसऱ्यांदा ऑक्टोबरमध्ये. सोयाबीन कापून झालं होतं, रानात गंजी लावून ठेवल्या होत्या, मळणीची वाट होती. महिन्याच्या मध्यावर बंगालच्या उपसागरातून आलेला पाऊस जिल्हाभर कोसळला. मी तेव्हा घरीच होतो, लॉकडाऊनमुळं वर्क फ्रॉम होम. एका रात्रीत गंजी तरंगायला लागल्या. लाइट गेली ती गेलीच. मोबाइलची रेंज गावाबाहेरच्या पुलाजवळ यायची, आणि पुलावर पाणी.

या नुकसानीसाठी विम्यात एक वेगळी तरतूद होती. इथं दांडेकरांची सरासरी लागू नव्हती, इथं प्रत्येकानं आपापलं नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचं होतं. ॲपवर, टोल फ्री नंबरवर किंवा लेखी. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, घरात लॅपटॉप, हातात बऱ्यापैकी फोन. तरी आमचा अर्ज चौथ्या दिवशी गेला. ॲप ज्यानं लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं याचा मी पुष्कळदा विचार केलाय. ओल्या रानात, पाच टक्के बॅटरीवर, गट नंबर इंग्रजी आकड्यांत टाइप करणारा माणूस नक्की नव्हता.

विमा कंपनीचं म्हणणं सरळ होतं. ज्यांनी वेळेत कळवलं त्यांना भरपाई, बाकीच्यांना नाही. पंचनामे सरकारनं केले होते, शासनाची मदतही जाहीर झाली होती, म्हणजे नुकसान झालं याबद्दल वाद नव्हताच. बटण वेळेत दाबलं नाही एवढीच उणीव. शेतकरी कोर्टात गेले. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३ लाख ५७ हजार २८७ शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पैसे तरीही हलेनात म्हणून त्या वर्षीच्या दिवाळीत आमदार कैलास पाटील उपोषणाला बसले होते. आमच्या खात्यावर काही रक्कम आली तेव्हा २०२० चं नुकसान विसरण्याइतकं जुनं झालं होतं. त्या साडेतीन लाखांत एक नाव अण्णांचं आहे.

हे दोन्ही नियम एकाच वर्षातले आहेत म्हणून मला ते एकत्र दिसतात. हप्ता कापताना तुमचं गप्प बसणं 'हो' धरलं गेलं. भरपाई देताना तेच गप्प बसणं 'नाही' धरलं गेलं. दोन्ही वेळा माणूस एकच, आणि दोन्ही वेळा त्याच्या न बोलण्याचा अर्थ समोरच्यानं स्वतःच्या सोयीनं लावला.

आता माझ्या धंद्याकडे येतो. मायक्रोसॉफ्टनं ऑफिस ९७ मध्ये डोळे मिचकावणारी एक क्लिप आणली होती. पत्र लिहायला घेतलं की ती मदतीला धावायची. लोक इतके वैतागले की २००१ च्या आवृत्तीत कंपनीनं ती डीफॉल्ट बंद केली आणि बंद केल्याचीच जाहिरात केली. मला ही गोष्ट फार आवडते. क्लिप निदान भाबडी होती, ती तुमचं पत्र कुठं पाठवत नव्हती.

आपल्याकडची गोष्ट ऑगस्ट २०१८ ची. एका सकाळी लाखो लोकांच्या फोनमध्ये आधारच्या हेल्पलाइनचा जुना नंबर सापडला, कुणीच तो सेव्ह केलेला नव्हता. आधी संशय सरकारवर गेला. मग गूगलनं कबूल केलं की तो नंबर २०१४ पासून अँड्रॉइडच्या सेटअपमध्ये चुकून राहून गेला होता आणि फोन बदलला की नव्या फोनमध्ये वाहत येत होता. नुकसान काही नाही. पण मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि होस्टेलमध्ये त्या रात्री जो तो आपला फोन परक्या माणसासारखा उलटसुलट करून पाहत होता, ते दृश्य लक्षात आहे.

मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं 'रिकॉल' जाहीर केलं. दर काही सेकंदांनी तुमच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा आणि नंतर एआयला त्यात शोधायला लावायचं. सुरक्षा अभ्यासकांनी इतका आरडाओरडा केला की तीन आठवड्यांच्या आत कंपनीनं सांगितलं, हे डीफॉल्ट बंद राहील. प्रत्यक्षात ते सगळ्यांना मिळायला २०२५ चा एप्रिल उजाडला. २०२४ मध्येच ऑस्ट्रेलियात वेगळंच घडलं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये कोपायलट घातलं आणि किंमत वाढवली. पर्सनल प्लॅनचा वर्षाचा दर १०९ डॉलरवरून १५९. ग्राहकांना कळवलं की नवी किंमत द्या किंवा सदस्यत्व रद्द करा. तिसराही रस्ता होता, कोपायलट नको तर जुनाच प्लॅन जुन्याच किमतीत. पण तो रद्द करायची प्रक्रिया सुरू केल्यावरच समोर यायचा. तिथल्या ग्राहक आयोगानं ऑक्टोबर २०२५ मध्ये, मामांच्या पाडव्यानंतर आठवड्याभरातच, कंपनीवर खटला भरला. सुमारे २७ लाख ग्राहकांचा प्रश्न होता. नोव्हेंबरमध्ये कंपनीनं माफी मागितली आणि परताव्याची तयारी दाखवली.

ते वाचताना मला त्या तिसऱ्या रस्त्याचा दुवा ठेवणारा इंजिनिअर दिसला. त्यानं काही खोटं लिहिलं नव्हतं. पान अस्तित्वात होतं. मामांच्या सॉफ्टवेअरमध्येही बंद करायचं पान होतंच की.

उलटं उदाहरणही आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मोझिलाच्या नव्या प्रमुखांनी फायरफॉक्स हा एआय ब्राउझर होणार असं लिहिलं आणि जुने वापरकर्ते उसळले. फायरफॉक्स वापरणाऱ्यांत माझ्यासारखे कोड लिहिणारे पुष्कळ, त्यामुळं आवाज मोठा झाला. फेब्रुवारी २०२६ च्या आवृत्तीत एक मुख्य बटण आलं, सगळ्या एआय सुविधा एकत्र बंद करणारं. यातलं महत्त्वाचं वचन असं की पुढं ज्या नव्या सुविधा येतील त्याही बंद राहतील, अपडेटनंतर तुमचा नकार पुसला जाणार नाही. सामान्य माणसाला ही बारकी गोष्ट वाटेल, पण मला विचाराल तर सगळं भांडण तेवढ्यासाठीच आहे.

आपल्याकडेही कायदा आलाय. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो की संमती स्पष्ट कृतीतून दिलेली असावी आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यावी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमतीविषयीच्या बहुतेक तरतुदी लागू व्हायला त्यापुढं अठरा महिन्यांची सवलत आहे. तोवर आमच्या बैठकांत हा विषय 'पुढच्या वर्षी' या रकान्यात असतो.

मधल्या काळात विमा बदलत राहिला. २०२३ मध्ये राज्यानं हप्ता एक रुपया केला आणि अर्ज १ कोटी ७० लाखांवर गेले, आदल्या खरिपाच्या जवळपास पावणेदोन पट. मग बोगस अर्जांच्या तक्रारी गाजल्या आणि २०२५ मध्ये ती योजना गुंडाळली. आमच्या डॅशबोर्डवरही माझ्या 'ट्रू'नंतर असाच आलेख चढला होता. उधारीचं पान उघडलं की ते गोल उमटायचं आणि त्याची नोंद 'वापर' म्हणून व्हायची. त्या आलेखाबद्दल टीमला केक मिळाला, मीही खाल्ला.

२०२३ च्या खरिपापासून केंद्रानं उत्पन्नाच्या अंदाजात उपग्रह आणि तंत्रज्ञानाला किमान ३० टक्के वजन दिलं. सुरुवात भात आणि गव्हापासून झाली, पुढं सोयाबीनही त्यात आलं. म्हणजे आमच्या रानात किती पिकलं याबद्दल आता एक मॉडेलही मत देतं. ही सुविधा विम्याबरोबर बांधूनच येते, ती नको म्हणायची सोय नाही. मॉडेल माणसापेक्षा बरं मोजत असेलही, मी त्याच्या विरोधात नाही. फक्त त्यानं आमच्या मंडळाबद्दल काय म्हटलं आणि का म्हटलं, ते अण्णांना वाचता यावं एवढंच मला वाटतं. आणि २०२५ मध्ये राज्यानं वैयक्तिक नुकसानीची ती ७२ तासांची तरतूदच काढून टाकली, भरपाई फक्त मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर. दांडेकरांकडे परत जाण्यासारखं हे दिसतं. पण सप्टेंबरात पूर आला तेव्हा, एका मंडळात काही रानं वाहून गेली आणि काही कोरडी राहिली तर काय, हे विचारायला बटणच उरलं नव्हतं. मामांनी ज्याला उधारी पुढच्या वर्षी दे म्हणून सांगितलं, तो त्या वाहून गेलेल्या रानातला.

दिवाळीनंतर मी कंपनीत एक तिकीट उघडलं. आधी बंद केलेलं अपडेटनंतर बंदच राहावं, आणि आठवणीचा मेसेज दुकानदाराला मजकूर दाखवून, त्याच्या होकाराशिवाय जाऊ नये. पहिली मागणी तीन आठवड्यांनी मंजूर झाली. दुसरीत अर्धीच झाली. मजकूर दिसतो, पण 'पाठवा' हे बटण मोठं आणि हिरवं आहे, 'नको' करड्या अक्षरांत. डीफॉल्ट अजून 'ट्रू'च आहे. ते बदलायला माझ्या हुद्द्याची सही पुरत नाही.

मार्चमध्ये कळंबला गेलो तेव्हा मामांना सगळं सांगितलं, ओळ माझी होती तेही. ते हातातली पावती पूर्ण करेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू सांगितलं म्हणून घेतलं होतं ते." आणि ड्रॉवर उघडून जुनी वही बाहेर काढली, लाल कापडाची, पाडव्याची. 'श्री'च्या खालच्या ओळीपासून उधारी लिहिलेली होती. नोव्हेंबरपासूनची, त्यांच्या बारीक अक्षरात.

"बिलं तुझ्यात," ते म्हणाले. "उधारी हितं."